रद्द शिक्क्याची सिंफनी

सोमवार, ९ जून

चिरंजीव बाळास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. चार ओळींचं पत्र आणि केवढं ते पाकीट! कागद आणखी एकदा दुमडला असतास तर लहान पाकिटात मावला असता. असो. नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. 'त' अजून तसाच काढतोस, शेपूट तोडल्यासारखा.

बाबा गेल्यावर पाच दिवसांनी पत्र टाकलं, आधी का कळवलं नाही, असं तू विचारलंस. सगळं फार घाईत झालं रे. इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, फुप्फुसात पाणी झालंय, दहा-बारा दिवसांत घरी जातील. मी जाताना त्यांचे घरी यायचे कपडेसुद्धा इस्त्री करून बरोबर नेले होते. देवाच्या मनात वेगळं होतं. शनिवारी सकाळी साडेसहाला गेले. शांतपणे गेले.

दुसरं तू विचारलंस, शेवटी त्यांनी तुझं नाव काढलं का. आजारी माणूस दिवसभरात पुष्कळ बोलतो. सगळं कुठे लक्षात राहतं?

सध्या मी त्यांची खोली आवरते आहे. कपडे धुऊन, बटणं लावून आश्रमात दिले. उरल्या त्या रेकॉर्डी. दोन कपाटं आणि पलंगाखालचे खोके. भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे. पण काय देतोय याची यादी केल्याशिवाय मी आजवर घरातून रिकामी बाटली बाहेर जाऊ दिलेली नाही, आता काय देणार? म्हणून रोज दुपारी बसून यादी करते. आज सत्तावनपर्यंत आले.

पलंगाखालच्या खोक्यात ती पण सापडली. तुला कळलंच असेल कुठली ती. दोन तबकड्या, करड्या पुठ्ठ्याच्या खोळीत. मधल्या गोल लेबलावर रेडिओवाल्यांनी पांढरा कागद चिकटवून 'रद्द' असा शिक्का मारलेला, चारही बाजूंना. त्या रशियन माणसाचं नाव मला आजही उच्चारता येत नाही. यादीत मी 'रशियन सिंफनी, रद्द' असं लिहिलंय.

कागद संपत आला. दुसरा जोडला तर वजन वाढून जास्तीचं तिकीट लागेल, म्हणून थांबते.

सूनबाईंना आशीर्वाद. त्यांचं पत्र वेगळं आलं होतं, त्यांचं अक्षर तुझ्याहून सरळ आहे.

तुझी आई


रविवार, २२ जून

चि. बाळास आशीर्वाद.

उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे, कारण एक गोष्ट घडली.

मी ती सिंफनी ऐकली.

हसू नकोस. चाळीस वर्षं वाद्यवृंदाच्या माणसाशी संसार केला, पण मला संगीत कधी कळलं नाही. मला फक्त ते किती वेळ चालतं एवढं कळायचं, त्याप्रमाणे कुकर लावायचा. पण यादी करताना वाटलं, ज्या वस्तूनं माझं घर मोडलं ती एकदा कानावरून गेली पाहिजे. भोंगाकाका हॉर्न वाजवायचे थांबले तरी अजून रविवारी येतात. त्यांना म्हटलं, "मला तेवढी सुई ठेवायला शिकवा."

ते म्हणाले, "वहिनी, चाळीस वर्षं ज्याच्यावरची धूळ पुसली, त्याला आज हात लावताय?"

म्हटलं, "धूळ पुसायला सुई उचलावी लागत नाही."

तर शिकवलं त्यांनी. अंगठ्यानं जोर द्यायचा नाही, लहान मुलाला झोपवल्यासारखी सोडायची. ते गेल्यावर मी देवासमोर हात जोडले आणि पहिली तबकडी लावली. एक बाजू, मग तीच उलटून दुसरी. मग दुसरी तबकडी, तिची एक, मग तिची दुसरी. चाळीस मिनिटं आणि वर थोडी. मी मधे उठले नाही. दाराची घंटा वाजली तरी उठले नाही.

मला काय कळलं ते सांगते, तुझ्या विद्येपुढे ते काही नाही. सुरुवातीला कुणीतरी रिकाम्या मोठ्या खोलीत इकडून तिकडे चालतंय असं वाटलं. उलटल्यावर एकदम गदारोळ, ढोल, पितळी वाद्यं, मिरवणूक निघावी तसा. मला वाटलं, आता हे असंच वाढत जाणार. पण दुसऱ्या तबकडीवर ते विरत गेलं. आणि शेवटची बाजू... एकच वाद्य होतं, नाकातून गायल्यासारखं, भोंगाकाका म्हणतात ते कॉर अँग्ले. ते गातं, थांबतं, जणू ऐकणारं कुणी आहे का पाहतं, आणि पुन्हा गातं. मग थांबतंच. सुई खरखरत राहिली तरी मी बसून होते.

बाळा, तुझे बाबा काय सांगायचे ते मला त्या क्षणी कळलं. जेवताना किती वेळा सांगायचे, आठवतं? "ज्या राज्यात प्रत्येकानं शेवटी आनंद दाखवायचाच असं फर्मान होतं, तिथे या माणसानं शेवट कुजबुजत केला. म्हणून दोन कार्यक्रम होऊन सिंफनी कपाटात गेली. आणि पुढे वीस वर्षं बिचाऱ्यानं सिनेमाला पार्श्वसंगीत पुरवून पोट भरलं." ही आपल्या गावात एकदा तरी वाजावी म्हणून दोन वर्षं त्यांनी कुठे कुठे पत्रं टाकली. तिकिटांचे पैसे माझ्याकडून न्यायचे, म्हणून मला माहीत.

आणि त्यांनी ही ऐकवायला बोलावलेल्या त्या सभेत, सगळ्या वादकांसमोर, तू त्यांच्यावर हसलास.

असा शेवट ऐकून माणसाला हसू कसं येतं, एवढंच मला विचारायचं होतं. इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं, ते विचारलं.

आई


मंगळवार, ८ जुलै

चि. बाळास आशीर्वाद.

तुझं उत्तर मिळालं. या वेळी पाकीट लहान होतं, पण आतलं जड होतं.

तू लिहिल्याप्रमाणे केलं. पांढऱ्या कागदाच्या कडेला, जिथे रेघा संपून काळा गुळगुळीत भाग असतो, तिथे भिंग धरून पाहिलं. उन्हात, खिडकीशी. सुईनं ओरखडल्यासारखे बारीक आकडे आहेत. पहिल्या तबकडीच्या एका अंगाला लांबलचक आकडा आणि शेवटी १. उलट्या अंगाला तोच आकडा आणि शेवटी ४. दुसरीवर २ आणि ३.

मी तीनदा पाहिलं. मग भोंगाकाकांना फोन केला. ते आले, त्यांनी पाहिलं आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले.

मला त्यांनी समजावलं ते असं. पूर्वी रेडिओवर तबकड्या एकावर एक रचून ठेवायचं यंत्र असायचं. एक संपली की वरची आपोआप खाली पडायची. उठून उलटत बसायला नको म्हणून पहिल्या तबकडीवर पहिली नि चौथी बाजू छापायचे, दुसरीवर दुसरी नि तिसरी. दोन्ही वाजून झाल्या की अख्खी चळत एकदमच उलटायची. यंत्र असेल तर क्रम बरोबर. आपल्यासारखं हातानं एकेक उलटत बसलं तर चौथा भाग दुसऱ्या जागी येतो आणि शेवट होतो तिसऱ्यानं. आकडे लेबलावर छापलेले असणार, पण त्यावर 'रद्द'चा कागद.

म्हणजे ती मिरवणूक, तो ढोलताशा, तो खरा शेवट. त्या माणसानं फर्मान पाळलं होतं. तरीही सिंफनी कपाटात गेली, ती कशामुळे, हे भोंगाकाकांनाही ठाऊक नाही.

मी विचारलं, "तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"वहिनी, मी हॉर्नवाला. मला माझं पान दिसतं. पण सभेत तुमचा लेक बोलला तेव्हा पटलं."

"आणि तुम्हीही हसलात."

"हसलो," ते म्हणाले. "सगळेच हसले. दुसऱ्या दिवसापासून तर... तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. मला तेव्हा एवढंच कळलं होतं की तू म्हणालास, "बाबा, तुमचा शूर माणूससुद्धा शेवटी बँडच वाजवतो, तुम्ही त्याला उलटासुलटा केलात." पुढचं काकांनी आता सांगितलं. बाबा वादकांची पानं लावायचे त्या नोटेशनच्या खोलीवरून जाता-येता कुणीतरी आत डोकवायचं, "काय साहेब, आज आधी बूट घालायचे की आधी मोजे?" कुणी पान मागायला आलं की, "शेवटचं पान आधी द्या, म्हणजे लवकर घरी जाता येईल." थट्टाच ती. पण ज्या माणसानं एकतीस वर्षं प्रत्येक स्टँडवर प्रत्येकाचं पान क्रमानं लावलं, फाटलं तिथे कागद चिकटवला, ज्याच्या हातून एकदाही कुणासमोर चुकीचं पान गेलं नाही, त्याला हे. घरी येऊन ते जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. दोन वर्षं आधीच राजीनामा दिला. मला म्हणाले, गुडघे दुखतात.

तू बरोबर होतास. हे मी लिहून देते. मागच्या पत्रातलं ते वाक्य मी परत घेते.

पण बाळा, काकांना आणखी एक आठवलं. आदल्या दिवशी तबकड्यांवरून टेप करायला तू त्यांना मदत करत होतास. म्हणजे आकडे तू आदल्याच दिवशी पाहिले असणार. मग ते घरी का नाही सांगितलंस? जेवताना, पाट मांडायच्या आधी, कानात सांगितलं असतंस तरी चाललं असतं.

आई


रविवार, २७ जुलै

चि. बाळास आशीर्वाद.

तुझी चार पानं दोनदा वाचली. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तू नऊ वर्षं थांबला होतास, असं लिहिलंस. आदल्या दिवशी आकडे दिसले, पण त्यांचा आनंद पाहून तोंडातून शब्द निघेना. आणि सभेत सगळे असताना हसत हसत सांगून टाकणं सोपं वाटलं. सोपंच वाटतं रे. घरात एका माणसाला खरं सांगणं सगळ्यात अवघड. हे मी तुला शिकवण्यासाठी लिहीत नाही. मला माहीत आहे म्हणून लिहिते.

आता मला सापडलेलं तू ऐक.

दुसऱ्या कपाटात वरच्या फळीवर, गरम पाण्याच्या रबरी पिशवीमागे, एक सीडी होती. तीच सिंफनी, तेच वादक, पण चारही भाग आकड्यांनिशी छापलेले. आत दुकानाची पावती. त्या सभेनंतर तेवीस दिवसांची तारीख. म्हणजे तेवीस दिवसांत त्यांना पक्कं कळलं होतं की तू खरं बोललास. मला एका शब्दानं बोलले नाहीत. आणि मी मात्र आल्यागेल्याला सांगत राहिले, की पोरानं बापाला खोटं पाडलं.

सीडीच्या मागे एक कॅसेट. कुठल्यातरी परक्या स्टेशनवरून रेडिओवर लागलेला कार्यक्रम टेप केलेला, लोक खोकतात, खुर्च्या करकरतात. वाजवणारे दुसरे. कॅसेटवरच्या कागदावर त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात असं आहे, जसंच्या तसं उतरवते:

'चौथा भाग. पहिल्या वादनात ७ मि. १० से. या वादनात ११ मि. ४० से. तेच स्वर, एकही जास्त नाही. तिथे मिरवणूक. इथे मिरवणुकीत ढकलत नेलेली माणसं. त्याला ऐकवायचं. त्याला विचारायचं, मूळ पानावर वेग काय लिहिलाय.'

'त्याला' म्हणजे कोणाला हे मला कुणी सांगायला नको.

दोन्ही ऐकले, लागोपाठ. आधी वेगाचा, मग सावकाश. मला वाटलं होतं मला फरक कळणार नाही. पण लहानपणी आमच्या शाळेत कुणी मोठे साहेब येणार म्हणून दोन तास उभं करून टाळ्यांचा सराव घ्यायचे. दुसऱ्या तासाला त्या टाळ्या कशा ऐकू यायच्या, तसं आहे ते. ढोल तोच. पण ढोल वाजवणाऱ्याचा हात दुखतोय हे कळतं. तुझे बाबा चुकीच्या क्रमानं ऐकून जे म्हणाले होते, ते योग्य क्रमानं ऐकूनही त्यांना सापडलं होतं. फक्त सांगायला कुणी नव्हतं. मला सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, आवाज कमी करा, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही.

कॅसेट मी कापडात गुंडाळून वेगळी पाठवते आहे. पोचली की कळव.

आता तुझा शेवटचा परिच्छेद. बाबांना हे सांगायचं होतं तर त्यांनी घरी येऊ नकोस असं पत्र का पाठवलं, आणि ते परत का घेतलं नाही, असं तू विचारतोस. आणि जूनमध्ये विचारलेलं पुन्हा विचारतोस.

त्यावर लिहायला मला थोडा वेळ दे. आज डोळे दुखताहेत.

आई


रविवार, १० ऑगस्ट

बाळा,

आज वरती आशीर्वाद लिहिलेला नाही. हे पत्र वाचून झाल्यावर तुला तो हवा असेल तर मागून घे.

दोन आठवडे रोज पूजा झाल्यावर लिहायला बसले आणि रोज उठले. देवासमोर खोटं बोलत नाही असा मला अभिमान होता. पण देवानं कधी काही विचारलंच नव्हतं. तू विचारलंस.

ते पत्र बाबांनी लिहिलेलं नाही. ते मी लिहिलं.

'तुझ्या वडलांनी सांगितलं आहे की सगळ्यांसमोर माफी मागेपर्यंत या घरात पाऊल ठेवू नकोस.' त्यांनी असं काहीही सांगितलं नव्हतं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि ताटातली भाजी दोन्ही वेळा तशीच परत आली होती. मला वाटलं, आठ दिवसांत घाबरून येशील, पाया पडशील, दोघं बोलाल, झालं. तू मानी निघालास. तू दुसऱ्या गावच्या वाद्यवृंदात गेलास. मग ते वाक्य माघारी घ्यायला एक महिना गेला, एक वर्ष गेलं, आणि पुढे तर मला ते त्यांनीच सांगितल्यासारखं वाटायला लागलं. दर वर्षी ते विचारायचे, "त्याचं पत्र?" मी म्हणायची, "नाही." तू लिहीत नव्हतासच, त्यामुळे हे उत्तर खरं होतं. खऱ्या उत्तरानं माझं खोटं सांभाळलं.

त्यांना कायम वाटत राहिलं की तू रागावून गेलास आणि तुझा राग जात नाही. तुला वाटत राहिलं की त्यांनी दार लावलं. मधे मी बसले होते, सगळ्यांचं जेवणखाण वेळेवर बघत.

आता इस्पितळ. तू विचारलंस, नाव काढलं का. काढलं.

मंगळवारी म्हणाले, "त्याला कळव." मी म्हटलं, "कळवते." तुझा फोन नंबर माझ्या पिशवीतल्या वहीत होता, भोंगाकाकांनी मागेच आणून दिला होता. मी खाली फोनपाशी गेले. पुढे एक बाई होती, तिचं बोलणं झालं, तिनं मला जागा करून दिली. मी तिला म्हटलं, "तुमचं होऊ द्या," आणि ती म्हणाली, "माझं झालंय हो." मी तरी उभीच. मनात आलं, हा येईल. दोघं बोलतील. पहिलंच वाक्य निघेल, 'बाबा, तुम्ही मला येऊ नको म्हणालात.' आणि ते माझ्याकडे बघतील. डॉक्टर दहा-बारा दिवस म्हणाले होते. म्हटलं, घरी आले की आधी आपणच त्यांना सांगू, मग याला बोलावू. जिना चढून वर गेले.

बुधवारी विचारलं, "कळवलंस?" म्हटलं, "हो."

गुरुवारी विचारलं, "काय म्हणाला?" म्हटलं, "येतो म्हणाला."

काकांनी विचारलं तेव्हा त्यांनाही म्हटलं, कळवलंय. म्हणून त्यांनी तुला कळवलं नाही. त्यांना दोष देऊ नकोस.

शनिवारचं मी लिहिलं आहे. शांतपणे गेले हे खरं आहे.

मी माफी मागत नाही. माफी मागेपर्यंत घरात येऊ नकोस, असं एकदा मीच लिहून बसले. आता तो शब्द माझ्या तोंडी शोभत नाही. तू आता लिहिलं नाहीस तरी मी काही म्हणणार नाही. सूनबाईंना हे पत्र दाखवायचं की नाही ते तू ठरव.

तुझी आई


रविवार, १४ सप्टेंबर

बाळा,

पस्तीस दिवसांनी तुझं कार्ड आलं. कॅसेट पोचली, मूळ पानावरचा वेग शोधतो आहेस आणि अजून हाती लागलेला नाही, हे वाचलं. त्याखाली तू एकच वाक्य लिहिलं आहेस. 'म्हणजे शेवटी त्यांना असंच वाटलं ना, की बोलावूनही मी आलो नाही?'

तू माझ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. ते बरोबरच आहे.

मागच्या पत्रात मी मंगळवार, बुधवार, गुरुवार लिहिले आणि एकदम शनिवार लिहिला. शुक्रवार गाळला. तुला दुखवायला नाही. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर उघडी पडले, आणि ते कागदावर उतरवायची माझी हिंमत नव्हती. पण तो दिवस तुझा आहे, माझ्याकडे ठेवून घेता येत नाही. म्हणून लिहिते.

शुक्रवारी दुपारी दोन-अडीच वाजले असतील. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तपासणीला नेलं होतं, खोलीत आम्ही दोघंच. नाकाला नळी होती, पण बोलणं स्पष्ट होतं. मी उशीचा अभ्रा बदलत होते.

म्हणाले, "कुठल्या गाडीनं येतोय?"

मी म्हटलं, "गाडीचं काही बोलला नाही."

नाकाची नळी नीट केली. मग म्हणाले, "तू त्याला निरोप दिलाच नाहीस."

मी म्हटलं, "असं काय बोलता?"

"अगं, तो नुसतं येतो म्हणणारा पोरगा आहे का? शाळेच्या सहलीला गेला तरी गाडीची वेळ, डब्याचा नंबर, उशीर झाला तर पुढची कुठली, सगळं कागदावर लिहून माझ्या खिशात घालायचा. तो येतो म्हणाला असता तर गाडी सांगितली असती."

अभ्रा माझ्या हातात तसाच राहिला. मी मान हलवली. नाही दिला म्हणून.

मला वाटलं आता ओरडतील. नऊ वर्षांत ओरडले नव्हते, आता ओरडतील. त्यांनी कारण विचारलं असतं तर मी तिथेच सगळं सांगितलं असतं, ते पत्रसुद्धा. पण त्यांनी कारण विचारलंच नाही. डोळे मिटले आणि त्यांचं तोंड असं सैल झालं, जसं तुझा ताप उतरल्यावर त्यांचं व्हायचं.

म्हणाले, "मग ठीक आहे. मी तीन दिवस समजत होतो की निरोप मिळूनही तो येत नाहीये."

मग पाणी मागितलं. अर्धा पेला प्यायले, आणि झोपले.

आई